आकाशातले उंबरे

पोलादपूरहून घाट चढून कुडपणला पोचलं की गाडी बंद होते, पण कानातली घरघर लगेच बंद होत नाही. ती विरेपर्यंत काही करू नका. हे मनन एका रात्रीचं आहे आणि रात्र अजून पडायची आहे.

आपण कुठे आहोत, एवढंच मनाशी नोंदवून घ्या. रायगड जिल्ह्याचं हे डोंगरातलं टोक. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य धार, तिच्यापलीकडे सातारा जिल्हा. दक्षिणेला खेड तालुक्यातली महिपतगड, सुमारगड, रसाळगडाची रांग. पावसाळ्यात लोक इथे धबधबे पाहायला येतात. आपण वैशाखात आलो आहोत, अमावास्येच्या आसपास, मे महिन्याच्या मध्यावर. कडे कोरडे पडलेत. राब भाजून झालेत, नाचणीला पावसाची वाट आहे, जाळ्यांवर करवंदं पिकलीत. मुंबईहून चाकरमानी आलेत, त्यामुळे वर्षभर कुलपात असलेल्या काही घरांच्या पडवीत आज दिवा आहे. काही घरं मेमध्येही बंदच आहेत. त्यांच्याकडे आपण नंतर वळू.

ज्या घरी उतरला असाल, तिथल्या वहिनींना अंगणातला दिवा थोडा वेळ मालवायला सांगा. दक्षिणेकडचं आकाश जिथून मोकळं दिसतं, अशी जागा पाहून घोंगडी अंथरा. कुडपणला येणं जमलं नसेल, तर दक्षिण मोकळी असलेली गच्चीही चालेल. पाठ टेका. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या.

अंधार डोळ्यांत उतरायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ काहीही शोधू नका. आधी पाच-दहा तारे दिसतील, मग पन्नास, मग मोजणं सुटेल. रातव्याचा आवाज कुठून तरी येईल. एखादा काजवा अंगणावरून जाईल आणि क्षणभर तोही ताराच वाटेल.

मन निवलं की एक प्रश्न हळूच पुढे ठेवा. या सगळ्यांत आपल्या जवळचं कोण?

*

मन लगेच उत्तर देतं: जो जास्त चमकतो तो. ते उत्तर खोडून काढू नका. ते हातात धरून पश्चिमेकडे पाहा.

मावळतीकडे झुकलेला, अजूनही सगळ्यांत तेजस्वी असलेला तो व्याध. रात्रीच्या आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा नाही. प्रकाश एका वर्षात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. व्याध तशा 8.6 वर्षांच्या अंतरावर आहे. ताऱ्यांच्या हिशेबात हा अगदी शेजारी. म्हणजे मनाचं उत्तर इथे बरोबर निघालं.

आता मान दक्षिणेकडे, मग आग्नेयेला वळवा. दक्षिणेच्या बाजूला पांढरीशुभ्र चित्रा: अडीचशे प्रकाशवर्षं. आग्नेयेला डोंगरावर नुकतीच आलेली तांबूस ज्येष्ठा: साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास. दोन्ही नक्षत्रं आपल्याला लहानपणापासून पंचांगातून ओळखीची, नावाने घरातलीच वाटणारी, डोळ्यांना ठसठशीत. आणि दोन्ही किती दूर. ज्येष्ठेचा आज दिसणारा प्रकाश निघाला, तेव्हा प्रतापगड बांधलेला नव्हता.

म्हणजे चमक आणि जवळीक यांचा मेळ कधी बसतो, कधी बसत नाही. नुसतं पाहून ते ठरवता येत नाही. हे ऐकून मन थोडं अस्वस्थ होईल. होऊ द्या. माणसांच्या बाबतीतही त्याची हीच पंचाईत होते.

*

उजवा हात समोर लांब करा. अंगठा उभा धरा. समोरच्या डोंगराच्या धारेवरचं एखादं झाड किंवा सुळका अंगठ्यामागे लपवा. आता डावा डोळा मिटा. तो उघडून उजवा मिटा. पुन्हा. सावकाश, श्वासाच्या लयीत.

अंगठा हलतो. डोंगर हलत नाही.

खरं तर अंगठाही जागचा हललेला नाही. हललात ते तुम्ही, एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर, जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. तेवढ्यानेही अंगठ्याची जागा बदलली, कारण तो जवळ आहे.

उठा, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. कुंपणाजवळचा फणस मागच्या धारेसमोरून सरकत जाईल. त्यामागचं घर थोडं कमी सरकेल. डोंगर तिथेच राहील. डोंगर सरकायला हवा असेल तर अंगण पुरणार नाही. कोसभर चालावं लागेल.

ताऱ्यांसाठी किती चालावं लागेल? आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते. आज ती जिथे आहे त्याच्या बरोबर समोर ती सहा महिन्यांनी असेल, सुमारे 30 कोटी किलोमीटर दूर. माणसाला पाय न हलवता मिळालेली ही सर्वांत लांब चाल. वैशाखात एकदा पाहायचं, कार्तिकात पुन्हा पाहायचं. मधल्या काळात जो तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसेल, तो जवळचा. या सरकण्याला पराशय म्हणतात.

शोधणाऱ्यांनी तो शतकानुशतकं शोधला आणि त्यांना मिळाला नाही. सोळाव्या शतकात टायको ब्राहेने तर असं म्हटलं, की तारे सरकत नाहीत त्या अर्थी पृथ्वीच फिरत नसावी. चूक हिशेबाची नव्हती. तारे इतके दूर असतील, हे मनाला पटत नव्हतं.

अखेर 1838 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल याला ते सरकणं सापडलं. त्याने निवडलेल्या ताऱ्याकडे लक्ष द्या. तो व्याध नव्हता, अभिजितही नव्हता. हंस तारकासमूहातला, 61 आकड्याने ओळखला जाणारा, निरभ्र काळोखातही जेमतेम दिसणारा एक तारा. वर्षागणिक त्याची जागा इतरांपेक्षा झपाट्याने बदलते, म्हणून तो जवळ असावा असा बेसेलचा कयास होता. मंद असूनही त्याने त्याच्यावरच विश्वास टाकला. ते सरकणं अंशाच्या 3,600व्या भागाच्याही तिसऱ्या हिश्शाएवढं भरलं. त्यावरून निघालेलं अंतर आज सुमारे 11 प्रकाशवर्षं मानलं जातं.

आता हात खाली घ्या. डोळे मिटा. एवढंच वाक्य मनात ठेवा: आपण हललो की जो हलतो, तो जवळचा.

त्यावर विचार करायची गरज नाही. श्वास आत, श्वास बाहेर. चेहरे आपोआप येतील. तुम्ही आजारी पडलात, नोकरी सुटली, घरात कोणी गेलं, कोणी जन्मलं. तुमची जागा बदलली. तेव्हा कोणाच्या दिवसाची घडी विस्कटली? कोण एरवी आयुष्यात खूप चमकत होतं, पण जागचं तसूभरही हललं नाही? जे हललं नाही त्याच्यावर रागवू नका. डोंगर हलत नाही, यात डोंगराचा दोष नसतो. तो दूर असतो, इतकंच.

*

आता अंतर अंगात मुरू द्या. त्यासाठी या अंगणातल्याच वस्तू घेऊ.

अंगणाच्या मध्ये एक सोललेला, चांगला मोठा नारळ ठेवलाय असं समजा. हा सूर्य. त्याच्यापासून पंधरा मीटर चाला, कुंपणापर्यंत. तिथे नाचणीचा एक दाणा ठेवा. ही पृथ्वी. या दाण्यावर कुडपण आहे, सह्याद्री आहे, समुद्र आहे, आजवर जन्मलेलं प्रत्येक माणूस आहे. क्षणभर त्या दाण्याकडे नुसतं पाहा.

याच मापाने सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे निघायचं तर वाडी सोडावी लागेल, तालुका सोडावा लागेल, देशही सोडावा लागेल. चार हजार किलोमीटरच्या वर, सिंगापूरच्याही पलीकडे गेल्यावर पुढचे नारळ भेटतील. दोन नारळ, एकमेकांपासून काही शे मीटरवर, एकाच वाडीत राहिल्यासारखे. आणि त्यांच्यापासून दोनेकशे किलोमीटर अलीकडे-पलीकडे एक टपोरं जांभूळ.

मधे काय आहे? दुसरा कोणताही तारा नाही. इथून सिंगापूरच्या पुढपर्यंत एवढा एकच शेजार.

या विस्ताराची भीती वाटली तर तिला जागा द्या. ती खरी आहे. मग पुन्हा पाठीखालच्या घोंगडीकडे या. तिची लोकर टोचतेय, जमीन अजून दिवसाची ऊब धरून आहे. नाचणीच्या दाण्यावर निजायला एवढी जागा आहे.

*

साडेनऊच्या सुमाराला व्याध मावळेल. तो डोंगराआड जाण्याआधी त्याच्या खाली, क्षितिजाला टेकलेल्या धूसर पट्ट्यात एक ससा आहे असं समजा. शश तारकासमूह. मृगाच्या पायाशी दबून बसलेला. मेमध्ये तो अंधार पडतापडताच मावळतो, दिसणार नाही. पण आपल्याला तो आठवायचा आहे, कारण त्याच्याशी आपलं एक नातं आहे.

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमाजवळचं कुरुंदवाड. तिथे 1956 साली श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म झाला. शिक्षण हुबळीत, मग दिल्लीच्या आयआयटीत, मग अमेरिकेत. पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम हाती घेतलं: सूर्याच्या शेजारच्या ताऱ्यांभोवती एकेक करून नीट पाहायचं, की त्यांच्या आडोशाला कोणी राहतंय का.

अडचण तुम्हालाही ठाऊक आहे. कोणी बॅटरी तोंडावर मारली तर तिच्यामागचा माणूस दिसत नाही. तेव्हा आपण काय करतो? तळहाताने तो झोत झाकतो. त्यांनी तेच केलं. पालोमार वेधशाळेतल्या दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीला असं उपकरण लावलं, की मधल्या ताऱ्याचा उजेड झाकला जावा. तळहात डोळ्यांसमोर धरून पाहा. झाका. थांबा. काठावर काय उरतं ते पाहा.

सशातला ग्लीझ 229 हा एक तांबडा बटू तारा, सुमारे 19 प्रकाशवर्षांवरचा. त्याचा उजेड झाकला तेव्हा शेजारी एक अतिशय मंद ठिपका दिसला. 1995 मध्ये तो शोध जाहीर झाला. त्याच्या प्रकाशात मिथेन वायूची खूण होती. ताऱ्याच्या धगीत मिथेन टिकत नाही. म्हणजे हा तारा नव्हता. ताऱ्यासारखा जन्मलेला, पण केंद्रात हायड्रोजनची चूल कायमची पेटवण्याइतकं वजन न मिळालेला तपकिरी बटू. असे असतील, असं शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने 1960च्या दशकातच गणिताने मांडलं होतं. तीस वर्षं शोध चालला, आणि निःसंशय सापडलेल्या पहिल्यांतला एक या कुरुंदवाडच्या माणसाच्या चमूला आपल्या शेजारातच मिळाला.

गोष्ट इथे संपली नाही. पुढे त्याचं वजन मोजलं गेलं, ते गुरूच्या सत्तर पटींच्या आसपास भरलं. एवढ्या वजनाच्या मानाने तो फारच मंद होता. कोड्याचं उत्तर 2024 मध्ये मिळालं: तो एक नाहीच, ते दोघे आहेत. गुरूच्या 38 पट आणि 34 पट वजनाचे दोन बटू, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. एकोणतीस वर्षं आपण त्यांना एक समजत होतो.

इथे थोडं थांबा. ज्याला तुम्ही मंद म्हणून, थंड म्हणून, उत्साह नसलेला म्हणून मनातल्या मनात खाली बसवलंय, असं एक माणूस आठवा. त्याच्या अंगावर वजन किती आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? एकाच नावाखाली तो किती जणांचं जगणं वाहतोय, हे कधी विचारलंय? आज उत्तर शोधू नका. प्रश्न त्याच्याजवळ ठेवून पुढे चला.

*

मघा म्हटलं होतं, बंद घरांकडे नंतर वळू. आता अंधारात वाडीकडे पाहा.

इथे कोणाला विचारलं, वाडीत किती घरं, तर माणसं उंबरे सांगतात. आणि उंबरे मोजताना कुलूप लागलेली घरं वगळत नाहीत. घरातली माणसं मुंबईला असोत की पुण्याला, ग्रामदेवतेच्या उत्सवाची वर्गणी त्या उंबऱ्यावर लागते आणि ती येते. दिवा नसेल, पण उंबरा आहे.

खगोलशास्त्रज्ञांनी सूर्याच्या शेजाराची हीच मोजणी केली आहे. 2021 साली सेलिन रेले आणि सहकाऱ्यांनी 10 पार्सेक, म्हणजे सुमारे 33 प्रकाशवर्षांच्या आतली यादी छापली. त्यात 339 उंबरे आहेत, आणि त्यांच्या आत तारे, तपकिरी बटू आणि ग्रह मिळून 540 जण. यादीतले बहुसंख्य तारे तांबडे बटू आहेत: लहान, थंड, अतिशय काटकसरीने जळणारे, आणि म्हणून सूर्याच्या कितीतरी पट जगणारे. असा एकही तांबडा बटू माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

हे सावकाश आत घ्या. आत्ता वर दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी बहुतेक दूरचे आणि मोठे आहेत. आणि आपल्या खऱ्या शेजाऱ्यांपैकी बहुतेक दिसतच नाहीत. जे आकाश आपण पाहतो, ते शेजाऱ्यांचं नसून दूरच्या थोरामोठ्यांचं आहे. शेजार त्यांच्यामधल्या काळोखात आहे.

त्या काळोखातले काही जण अगदी अलीकडे यादीत आले. लुमन 16 हे दोन तपकिरी बटू फक्त साडेसहा प्रकाशवर्षांवर आहेत. ते 2013 मध्ये कळले. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता, नेपच्यूनपर्यंत यान धाडून झालं होतं, आणि दाराशेजारच्या दाराची नोंद राहून गेली होती. त्याच वर्षी 19 डिसेंबरला युरोपची गाया ही अंतराळ दुर्बीण निघाली. तिने अकरा वर्षं पराशय मोजला, इतका बारीक, की हजार किलोमीटरवरून केसाची जाडी मोजावी. तिच्या मोजणीतून 100 पार्सेकच्या आतल्या 3,31,312 ताऱ्यांची यादी झाली. 2025च्या जानेवारीत तिचं निरीक्षण थांबलं. अकरा वर्षांत तिने एखाद्याच ताऱ्याकडे एकदाच पाहून निर्णय दिला नाही. प्रत्येकाकडे ती पुन्हापुन्हा वळली, कक्षेच्या वेगवेगळ्या बाजूंनी.

आता मनातल्या मनात आपल्या शेजाराचे उंबरे मोजा. आधी दिवे लागलेले. मग बंद असलेले. ज्यांच्याशी बरीच वर्षं बोलणं नाही, ज्यांचा नंबर आहे पण फोन होत नाही, ज्यांनी तुमच्यासाठी काही केलं आणि ते तुम्हाला उशिरा कळलं. त्यांना वगळून यादी पुरी होत नाही. नाव घ्या आणि उंबऱ्याशी क्षणभर उभे राहा. आत जायची सक्ती नाही.

*

साडेअकरा होत आले असतील. आता सरळ वर पाहा. अगदी डोक्यावर, कुडपणच्या बरोबर माथ्याशी, केशरी स्वाती आहे. सदतीस प्रकाशवर्षं.

तिथून नजर हळूहळू दक्षिणेकडे उतरवा, क्षितिजापर्यंत. हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवा. मुठीच्या किंचित वर दोन ठळक तारे शेजारीशेजारी दिसतील. दक्षिणेची धार मुठीपेक्षा उंच असेल तर थोडी जागा बदला. त्यांच्या उजवीकडे मावळतीला कललेला त्रिशंकू. दोघांपैकी पश्चिमेचा, त्रिशंकूकडचा, तो मित्रक. तो जवळजवळ चारशे प्रकाशवर्षांवर. आणि पूर्वेचा, जास्त तेजस्वी, तो मित्र.

आपल्या आकाशदर्शनाच्या पुस्तकांत त्याचं हेच नाव आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्याखालोखाल सर्वांत जवळचा तारा, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांच्या दरम्यान. मघाचे सिंगापूरपलीकडचे नारळ ते हेच. डोळ्याला एक ठिपका दिसतो, पण तो दोघांचा आहे; हे पहिल्यांदा ओळखलं ते आपल्या देशाच्या भूमीवरून. 1689च्या डिसेंबरात पुद्दुचेरीत एक धूमकेतू पाहताना झां रिशो या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या दुर्बिणीत मित्राचे दोन तारे वेगळे दिसले. आणि ते जांभूळ, प्रॉक्झिमा, तिघांत सगळ्यांत जवळचं, 4.24 प्रकाशवर्षांवरचं, तांबडा बटू असल्याने डोळ्यांना अदृश्य. ते 1915 मध्ये रॉबर्ट इनिस यांना जोहान्सबर्गमध्ये सापडलं. दोनशेहून जास्त वर्षं मित्राचं घर दोघांचं मानलं जात होतं. घरातला सर्वांत जवळ बसलेला माणूस सर्वांत शेवटी दिसला.

मित्राकडे पाहत राहा. तो थरथरतो आहे; ती थरथर आपल्या हवेची. त्याचा हा प्रकाश चार वर्षं आणि काही महिने चालत आला आहे.

या भागाला एक तारीख विसरता येत नाही. 22 जुलै 2021. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. त्या संध्याकाळी मित्राकडून निघालेला प्रकाश इथे 2025 सालाच्या अखेरीस पोचतो. इतका वेळ, आणि तरी हा सर्वांत जवळचा. त्या रात्री वरच्या ताऱ्यांपैकी कोणाची जागा बदलली नाही. जमीन हलली तेव्हा चिखलातून, तुटलेल्या रस्त्यावरून आधी पोचतात ती शेजारच्या वाडीतली माणसं. त्यांच्याकडे उजेड नसतो, नाव नसतं. ती हललेली असतात.

जे गेले, त्यांच्यासाठी काही श्वास शांत राहा. जे धावले, त्यांच्यासाठीही.

*

आता उतरायची वेळ झाली. हात-पाय हलवा. घोंगडीची कड चाचपा. लगेच उठू नका.

व्याधाची एक गोष्ट राहिली होती, ती आता. बेसेलनेच व्याधाचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि त्याला दिसलं, की व्याध सरळ वाटेने जात नाही; किंचित झोकांड्या खात जातो. 1844 मध्ये त्याने लिहिलं, की न दिसणारा कोणी तरी त्याला ओढतो आहे. अठरा वर्षांनी, 1862 मध्ये, तो जोडीदार दुर्बिणीत दिसला: एक श्वेत बटू, विझलेल्या ताऱ्याचा उरलेला निखारा, आकाराने पृथ्वीएवढा आणि वजनाने सूर्याएवढा. बेसेल तोवर हयात नव्हता. रात्रीच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याची चाल अशी एका विझलेल्या सोबत्याने ठरते. तुमच्या चालीतही तुमच्याआधी विझलेलं कोणी असेल. आजी, वडील, एखादा मित्र. त्यांच्या ओढीने पाऊल वाकडं पडत असेल, तर तो दोष समजू नका.

अंगणातला दिवा लावायच्या आधी एक नाव निवडा. फार चमकणारं नको. ज्याच्याविषयी तुमची खात्री नाही, की हे माणूस आपल्या जवळचं आहे की दूरचं, असं एक. आज त्याची जागा कुठे आहे, तेवढी नोंदवून ठेवा: किती बोलणं आहे, किती अबोला, मनात त्याच्या मागे काय दिसतं.

एका रात्रीत एवढंच होतं. एका पाहण्यात अंतर कळत नाही. ते कोणालाच कळलेलं नाही, बेसेललाही नाही, गायालाही नाही. त्यासाठी आपल्याला कक्षेच्या दुसऱ्या बाजूला जावं लागतं.

कार्तिक सरत येईल तेव्हा नाचणी घरात आलेली असेल. पावसाळा होऊन गेला असेल, चाकरमानी परत गेले असतील, वाडीत आजच्यापेक्षा कमी दिवे असतील. त्या अमावास्येला रात्री नऊनंतर पुन्हा याच अंगणात घोंगडी अंथरा. आज पश्चिमेला मावळलेला व्याध तेव्हा पूर्वेला, सह्याद्रीच्या धारेमागून वर येत असेल. आज आपण त्याला एका टोकावरून पाहिलं. तेव्हा 30 कोटी किलोमीटर पलीकडच्या टोकावरून पाहत असू. मधल्या सहा महिन्यांत तुमचंही बरंच काही हललेलं असेल.

मग डोळे मिटून ते एक नाव घ्या, आणि त्याची जागा बदलली आहे का ते पाहा.